नवीन ट्रक घेताय? इन्शुरन्सच्या कागदावर सही करायच्या आधी हे वाचून घ्या

आपल्याकडे गाडी घेताना माणूस महिनाभर मायलेज, डाउन पेमेंट, हप्ता ह्याच्यावर डोकं लावतो, चार जणांना विचारतो, नागपूरला वाडीत जाऊन ट्रान्सपोर्टवाल्यांशी बोलून येतो, आणि इन्शुरन्सचा कागद मात्र शोरूमवाल्याने पुढे केला की सही करून मोकळा होतो. मग गाडी कुठं नाल्यात गेली की पहिल्यांदा पॉलिसी उघडून वाचायची वेळ येते. मी गाड्यांच्या कागदपत्रांचंच काम करतो, आणि क्लेम अडकलेले जे लोक येतात त्यांच्यात बहुतेकांचं दुखणं एकच असतं: गाडी एक काम करत होती आणि पॉलिसी दुसऱ्याच कामाची होती. म्हणून कंपनी कोणती, डिस्काउंट किती, हे सगळं नंतर.

सुरुवात वहीपासून करा

एक पान घ्या आणि गाडी खरंच काय करणार आहे ते लिहा. शोरूममध्ये सांगायला चांगलं वाटेल ते लिहू नका, खरं ते लिहा. माल कोणता भरणार, वणी-घुग्गूसचा कोळसा, गडचांदूरचं सिमेंट, खेड्यातून हिंगणघाटच्या जिनिंगला कापूस, अकोल्याच्या दाल मिलला तूर, वरुड-मोर्शीचा संत्रा, का गिट्टी-रेतीचा टिपर? जिल्ह्यातच फिरणार का नॅशनल परमिटवर हैदराबाद, रायपूर, दिल्ली? चालवणार कोण, तुम्ही, पगारी ड्रायव्हर का लहान भाऊ? गाडीत अजून कोण बसतं, क्लीनर, हमाल, मालासोबत येणारा कास्तकार? कर्ज किती आणि कोणाचं? आणि तुमच्या गाडीतल्या मालाची एका खेपेची किंमत जास्तीत जास्त किती जाते?

हे शेवटचं कोणीच लिहित नाही. आणि नवीन मालक सगळ्यात जास्त फसतो तो तिथंच.

आता ही गोष्ट डोक्यात पक्की करा की ट्रकच्या धंद्यात पैसे जायचे खिसे तीन आहेत. एक दुसऱ्याचं नुकसान (थर्ड पार्टी), दोन तुमच्या गाडीचं नुकसान (ओन डॅमेज), तीन गाडीतल्या मालाचं नुकसान. तिघांचं कव्हर वेगवेगळं असतं आणि एकातले पैसे दुसऱ्याला मिळत नाहीत. गाडीत बसणाऱ्या माणसांचं अजून वेगळं, त्याचं खाली सांगतो. लोक ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात त्या पॅकेज पॉलिसीत पहिले दोनच येतात, माल त्यात नसतो.

उदाहरण घ्या, आपल्या भागात दर हंगामात कुठं ना कुठं होतं असं. खेड्यातून कापूस भरून आयशर निघाली, कापूस डाल्याच्या बाहेर फुगलेला, वर दोन हमाल बसलेले, गावाबाहेर तार खाली लोंबत होती ती टेकली, ठिणगी पडली आणि कापसाने पेट घेतला. गाडी जळाली ती ओन डॅमेजमध्ये येते, काहून की आग त्यात धरलेली असते. रस्त्याच्या कडेचा एखाद्याचा गोठा जळाला तर थर्ड पार्टी. कापूस जळाला त्याचे पैसे ह्या दोन्हीतून एक रुपयाही मिळत नाहीत. आणि वरच्या हमालांचं काय होईल हे तुम्ही पॉलिसी काढताना त्यांच्यासाठी प्रीमियम भरला होता का ह्याच्यावर ठरतं.

थर्ड पार्टी: इथं भाव करायचा नसतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. पकडले तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा ४,०००. पण दंड सोडा, खरी भीती वेगळी आहे. कोणी मेलं किंवा जखमी झालं तर अपघात भरपाईचं ट्रिब्युनल जी रक्कम ठरवेल तिला वरची मर्यादा नाही, आणि इन्शुरन्स नसला तर ती मालकाच्या नावावर बसते, म्हणजे घर आणि वावर धोक्यात. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान मात्र साधारण ७.५ लाखांपर्यंतच कव्हर असतं. काही ठिकाणी थोडासा प्रीमियम वाचवायला हीच मर्यादा ६,००० रुपयांवर आणून ठेवतात, ते करू देऊ नका, ट्रकने एखाद्याची कार चेपली तरी सहा हजारांत तिचा दरवाजा येत नाही.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांना सारखा. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यात भाड्याने माल वाहणाऱ्या गाड्यांना एकूण वजनाप्रमाणे असं आहे: ७,५०० किलोपर्यंत १६,०४९ रुपये, त्याच्यावर १२,००० किलोपर्यंत २७,१८६, २०,००० पर्यंत ३५,३१३, ४०,००० पर्यंत ४३,९५० आणि त्याच्या वर ४४,२४२. पॉलिसी काढायच्या दिवशी चालू दर एकदा तपासून घ्या. ह्याच्यावर जीएसटी वेगळा, मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टीवर तो आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. ओन डॅमेजवर १८ टक्केच आहे. कोटेशनमध्ये सगळ्यावर १८ लावला असेल तर विचारा.

(छोटा हत्तीवाल्यांची तक्रार बरोबरच आहे, त्यांच्या एवढ्याशा गाडीला आणि सात टनाच्या गाडीला थर्ड पार्टी सारखीच पडते. पण नियम आहे, काय करता.)

आता सांगायचं म्हणजे, कोणी म्हणालं की थर्ड पार्टी तीन हजारात करून देतो, तर तिथून निघा. दर ठरलेला आहे म्हटल्यावर स्वस्त होईल कसा? एक तर कागद खोटा आहे, नाही तर गाडीचा वर्ग बदलून, म्हणजे ट्रकच्या नंबरावर मोटरसायकलची पॉलिसी असा घोळ केलेला आहे. हातात कागद आला की पॉलिसी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून पहा, एमपरिवहन ॲपवर गाडीचा इन्शुरन्स दिसतो का ते पहा, आणि कागदावरचा गाडीचा वर्ग, एकूण वजन, चेसिस नंबर, इंजिन नंबर आरसीशी एकेक आकडा जुळवा. पैसे शक्यतो कंपनीच्या खात्यात ऑनलाइन भरा. चेक दिला आणि तो परत गेला तर पॉलिसी रद्द होते, काहून की प्रीमियम जमा झाल्याशिवाय कंपनीवर जोखीमच येत नाही.

ओन डॅमेज: इथं डोकं लावायचं

हप्त्याची गाडी असेल तर फायनान्सवाला पॅकेज पॉलिसी मागतोच. नसेल तरी धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत ओन डॅमेज सोडू नये असं माझं मत आहे, काहून की एक गाडी म्हणजे पूर्ण धंदा. ह्याचे दर कंपन्या आपापले ठरवतात म्हणून डिस्काउंट फक्त ह्याच भागात मिळतं, आणि भाव करायचा तो इथंच.

पहिलं पाहायचं ते आयडीव्ही, म्हणजे गाडीची पॉलिसीत धरलेली किंमत. गाडी चोरी गेली किंवा भंगार झाली तर जास्तीत जास्त एवढेच पैसे. कंपनीच्या यादीतल्या किमतीतून घसारा वजा होतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. प्रीमियम कमी दाखवायला एजंट आयडीव्ही खाली ओढतो, आपण खुश होतो. ३० लाखांची गाडी, तिसऱ्या वर्षात आयडीव्ही २१ लाखांच्या आसपास यायला पाहिजे आणि कागदावर १६ लिहिलंय, बँकेचं कर्ज अजून १९ बाकी. गाडी गेली तर पैसे आधी बँकेला जातात, आणि वरचे तीन लाख गाडी नसताना तुम्ही भरत बसता. दरवर्षी रिन्यूअलला आयडीव्ही आणि बाकी कर्ज हे दोन आकडे शेजारी ठेवून पहा.

दुसरं, बॉडी. आपल्याकडे लय जण चेसिस घेतात आणि बॉडी बाहेर बांधून घेतात. शोरूमची पॉलिसी चेसिसच्या किमतीवर निघालेली असते आणि नंतर बांधलेला डाला, केबिन, टिपरचा हायड्रोलिक, ह्यातलं काहीच त्यात नसतं. बॉडीवाल्याकडून पक्कं बिल घ्या, कंपनीला द्या, आणि आयडीव्हीत चेसिस एवढी, बॉडी एवढी असं लिहून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली नोंद, करून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर बॉडी बांधली तर टोटल लॉसच्या दिवशी ती बॉडी कागदावर कुठंच नसते.

तिसरं, आयएमटी २३. हे नाव लिहून ठेवा. ट्रकच्या साध्या पॅकेज पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बोनेटच्या बाजूचे पार्ट, बंपर आणि पेंट हे धरलेलंच नसतं, गाडी पूर्णच गेली तर गोष्ट वेगळी. आता ट्रक ठोकला की आधी तुटतं काय? तेच. रात्री आर्णी रोडला रोही (नीलगाय) आडवी आली, हेडलाइट, बंपर, मडगार्ड गेलं, मालक म्हणतो माझा फुल इन्शुरन्स आहे, आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला कंपनीने पाठवलेला माणूस, त्या सगळ्यावर रेघ मारतो. हे टाळायला ओन डॅमेज प्रीमियमच्या साधारण १५ टक्के जास्त भरून आयएमटी २३ घेता येतं. माझ्या मते ट्रकला हे घेतलंच पाहिजे, बाकीचे ऍड-ऑन (वरून घ्यायचे जास्तीचे कव्हर) त्याच्यानंतर. फक्त नुसता टायर फुटला म्हणून पैसे मिळत नाहीत, गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालेलं पाहिजे.

पार्टवरचा घसारा हे चौथं. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी ह्याला ५० टक्के कापतात, फायबरला ३०, काचेला काही नाही, लोखंडी पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे, दुसऱ्या वर्षात १० तर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४०. झिरो डेप घेतलं तर हे कापणं वाचतं, नव्या गाडीला पहिली दोन-तीन वर्षं घ्यावं, कंपनी तुमच्या वर्गाच्या गाडीला देते का ते विचारा, सगळ्या देत नाहीत.

टोइंगचं तर कोणी बोलतच नाही. बेस पॉलिसीत ट्रक ओढून नेण्याचा खर्च साधारण २,५०० रुपयांपर्यंतच धरतात. भरलेली बाराचक्की चिखलदऱ्याच्या घाटात किंवा समृद्धीवर पुलाच्या खाली गेली तर मोठी क्रेन, माल दुसऱ्या गाडीत पलटी करायचे हमाल, मग वर्कशॉपपर्यंत ट्रेलर, हे अडीच हजारात होतं का? लांबच्या रूटला जास्तीचं टोइंग कव्हर घ्या. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरणाऱ्या पिकअपला नाही घेतलं तरी चालतं.

टिपरवाल्यांनी एक गोष्ट लेखी विचारावी: डाला वर उचललेला असताना गाडी पलटली तर कव्हर आहे का नाही. गिट्टी-मुरमाच्या कामात गाड्या रस्त्यावर कमी आणि खाली करताना जास्त पलटतात. तोंडी 'हो हो आहे ना' चालणार नाही, पॉलिसीत कुठं लिहिलंय ते दाखवा म्हणा.

पूर, गारपीट, वीज पडणं, चोरी, दंगल, आतंकवादी कृत्य हे सगळं पॅकेज पॉलिसीत असतंच, वेगळं घ्यावं लागत नाही. गडचिरोलीकडे गाडी लावणाऱ्यांना ह्याचं महत्त्व सांगायला नको, डिसेंबर २०१६ मध्ये सूरजागडला माओवाद्यांनी लोहखनिजाच्या सत्तरच्या वर गाड्या जाळल्या होत्या. फक्त थर्ड पार्टी असलेल्या मालकाला अशा वेळी हातात काही येत नाही. इंजिन आपोआप बसलं, क्लच प्लेट गेली, झीज झाली ह्याचे पैसे मात्र कोणत्याच पॉलिसीत मिळत नाहीत.

गाडीतली माणसं

मालकाच्या नावावर गाडी असेल आणि त्याच्याकडे लायसन असेल तर १५ लाखांचा ओनर-ड्रायव्हर अपघात विमा घ्यावाच लागतो. तो फक्त मालकापुरता आहे बरं का, दुसरं कोणी चालवत असताना त्याचा उपयोग नाही.

पगारी ड्रायव्हर आणि क्लीनरसाठी 'लीगल लायबिलिटी टू पेड ड्रायव्हर' अशी ओळ असते, माणसामागे प्रीमियम अगदी किरकोळ, तरी कोटेशन बारीक करायला ती उडवलेली दिसते. किती माणसं लिहिलीत ते मोजा, गाडीवर ड्रायव्हर आणि क्लीनर असे दोघं असतील तर दोन पाहिजेत. ड्रायव्हरचा पगार वहीवर किंवा बँकेतून द्या, म्हणजे उद्या तो पगारी माणूस होता हे सिद्ध करता येतं.

आता खरी खेड्यातली गोष्ट. गाडी मोठ्या भावाच्या नावावर आणि चालवतो लहान भाऊ किंवा पोरगा, पगार बिगार काही नाही, घरचंच. तो मालक नाही म्हणून पंधरा लाखांच्या विम्यात नाही, पगारी नाही म्हणून ड्रायव्हरच्या कव्हरमध्येही नाही, आणि स्वतःच्याच चुकीने ठोकली तर थर्ड पार्टीही धरत नाहीत, कारण मालकाकडून गाडी घेऊन चालवणारा मालकाच्या जागीच समजला जातो. त्याच्या नावाने वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा, पर्याय नाही. आणि काही नाही तर बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी चालू करा, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा आहे, १८ ते ७० वयापर्यंत. ड्रायव्हर-क्लीनरचाही तुम्हीच भरून टाका, चाळीस रुपयांत दोघांचं काम होतं.

हमाल: माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांसाठी वेगळी एन्डॉर्समेंट मिळते, ती मागून घ्या. मालासोबत येणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस १९९४ च्या दुरुस्तीपासून कायद्यात धरलेला आहे. पण बाकी कोणी नाही! मालवाहू गाडीत फुकट किंवा पैसे देऊन बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही हे सुप्रीम कोर्टाने २००२ च्या आशा राणी खटल्यात स्पष्ट केलंय. म्हणजे टेम्पोत लग्नाचं वऱ्हाड, यात्रेचे लोक, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया बसवल्या आणि गाडी उलटली तर सगळी भरपाई मालकाच्या अंगावर येऊ शकते, आणि ती पंधरा-वीस माणसांची असते. गावात नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे, ओळखीचेच लोक असतात. तरी नाही म्हणा.

माल: तिसरा खिसा

इथं नवीन मालक म्हणतो, 'माल व्यापाऱ्याचा, त्याने त्याचा ट्रान्झिट इन्शुरन्स काढलाय, आपल्याला काय?' असं नाही भाऊ. व्यापाऱ्याला त्याची विमा कंपनी पैसे देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून तेच पैसे ट्रान्सपोर्टरकडून वसूल करायला येते. ट्रान्सपोर्टर काय करतो? तुमचं बाकी भाडं अडकवतो. शेवटी फिरून तुमच्याकडेच.

त्यासाठी 'कॅरियर्स लीगल लायबिलिटी' नावाची पॉलिसी असते, गाडी वाहून नेत असताना तुमच्या जबाबदारीमुळे मालाचं जे नुकसान झालं त्याची. मर्यादा ठरवताना वहीतला तो शेवटचा आकडा काढा, एका खेपेला जास्तीत जास्त किती किमतीचा माल असतो तो. कोळसा, रेती, गिट्टीवाल्याला मालाची किंमत कमी असते, त्याने हे नाही घेतलं तर चालेल. रुईच्या गाठी, तूर डाळ, तेलाचे डबे, खत-बियाणं, किराणा भरणाऱ्याने घ्यावंच.

बिल्टी, म्हणजे वाहतुकीला माल घेतल्याची पावती, नीट करा, हे पॉलिसीएवढंच महत्त्वाचं आहे. २००७ चा कॅरेज बाय रोड कायदा आणि २०११ चे नियम ह्यांच्याप्रमाणे कॉमन कॅरियरची, म्हणजे भाड्याने कोणाचाही माल नेणाऱ्याची, जबाबदारी साधारण भाड्याच्या दहा पटीपर्यंत मर्यादित राहते, माल पाठवणाऱ्याने जास्त किंमत जाहीर करून जास्त जोखमीचा दर दिला नसेल तर. म्हणजे २०,००० रुपये भाडं असेल तर २ लाख, माल आठ लाखांचा असला तरी. पण ही मर्यादा सांगायला बिल्टी पाहिजे, तिच्यावर भाडं, वजन, मालाची किंमत लिहिलेलं पाहिजे. कोऱ्या चिठ्ठीवर 'सोयाबीन १ गाडी' एवढंच असेल तर कोणत्या तोंडाने सांगणार? आणि बिल्टीवर 'माल मालकाच्या जोखमीवर' असा शिक्का मारला की आपण सुटलो असंही समजू नका, ड्रायव्हरचा निष्काळजीपणा निघाला तर तो शिक्का कामाचा नाही.

पाण्याचं विचारून ठेवा. जूनमध्ये ताडपत्री फाटकी होती म्हणून सोयाबीन भिजलं तर कंपनी म्हणेल पॅकिंग बरोबर नव्हतं. संत्र्याच्या गाडीला दोन दिवस उशीर झाला आणि माल सडला तर उशीर आणि मालाचा स्वतःचा गुण ही कारणं ट्रान्झिट पॉलिसीतही बाहेर असतात. ट्रान्झिटमध्ये 'बी' प्रकार आग, टक्कर, पलटी एवढ्यापुरता आणि 'ए' प्रकार जवळपास सगळ्याचा, त्यामुळे स्वतःचाच माल भरून विकणारे जे आहेत त्यांनी 'ए'चा भाव काढावा.

पॉलिसी आहे पण लायसन-पासिंग नाही, तर?

लायसन: एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर चालते, हे सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. त्याच्या वरच्या गाडीला जड वाहनाचं लायसन. ड्रायव्हर ठेवताना त्याचं लायसन सरकारच्या सारथी साइटवर तपासा, झेरॉक्सवर विश्वास ठेवू नका, आणि तपासल्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये राहू द्या.

परमिट: एकूण वजन ३,००० किलोपर्यंतच्या मालगाडीला परमिट लागत नाही, त्याच्या वर लागतं. परमिट नसताना अपघात झाला तर कंपनी समोरच्याला पैसे देऊन ते तुमच्याकडून वसूल करू शकते. पासिंग, म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

ओव्हरलोडबद्दल भाषण देत नाही, धंदा कसा चालतो सगळ्यांना माहीत आहे. फक्त हिशोब सांगतो. दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. आणि ओन डॅमेजचा क्लेम लागला तर सर्व्हेअर बिल्टी आणि काट्याची पावती मागतो, क्षमतेपेक्षा जास्त माल निघाला तर 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून क्लेम ७५ टक्क्यांपर्यंतच देण्याची पद्धत आहे, कधी कधी पूर्णच नाकारतात. आठ लाखांच्या क्लेममध्ये दोन लाख गेले म्हणजे वरच्या दोन टनाचं किती खेपांचं भाडं गेलं ते काढून पहा.

जुनी गाडी घेत असाल तर

नोटरीवर गाडी घ्यायची आणि आरसी जुन्या मालकाच्याच नावावर राहू द्यायची ही आपल्याकडची जुनी सवय. इन्शुरन्सच्या दृष्टीने घातक. गाडी विकली गेली की थर्ड पार्टी कायद्याने नव्या मालकाकडे जाते, पण ओन डॅमेज तशी जात नाही, १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलावं लागतं. नाही केलं आणि पंधराव्या दिवशी गाडी ठोकली तर कंपनी म्हणणार, तुमच्या नावाने पॉलिसी नाही, ज्याच्या नावाने आहे त्याची गाडी नाही. विकणाऱ्यानेही ऐका: आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय, म्हणजे विकलेल्या गाडीची भरपाई तुमच्या दारात येऊ शकते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची प्रीमियममधली सूट, गाडीसोबत येत नाही, तो माणसाचा असतो, जुन्या मालकाचा बोनस लावून पॉलिसी काढली तर नंतर क्लेम अडतो.

तीन कोटेशन आणि एक पेन

आता बाजारात जा. दोन कंपन्यांचं आणि एक ऑनलाइन असं तीन ठिकाणाहून कोटेशन घ्या, पण सगळ्यांना आयडीव्ही, बॉडीची किंमत, आयएमटी २३, ड्रायव्हर-क्लीनरची संख्या सारखी द्या, नाही तर तुलना खोटी होते. थर्ड पार्टीची ओळ तिघांत सारखी दिसली पाहिजे, मग ओन डॅमेज आणि ऍड-ऑनमध्ये फरक पहा. हजार-दोन हजाराने स्वस्त आहे म्हणून अशी कंपनी घेऊ नका जिचा सर्व्हेअर यवतमाळ-वाशिमला यायला चार दिवस लावतो. तुमच्या रूटवरच्या गॅरेजवाल्याला विचारा कोणाचे पैसे लवकर येतात, त्याला एजंटपेक्षा जास्त माहीत असतं.

पॉलिसी संपायच्या आठ दिवस आधी रिन्यू करा. ट्रकला कार-मोटरसायकलसारखी अनेक वर्षांची थर्ड पार्टी घ्यायची नसते, दरवर्षी काढावी लागते. मध्ये खंड पडला तर गाडीची तपासणी करून मगच ओन डॅमेज देतात, आणि ९० दिवस गेले तर बोनसही जातो. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० पर्यंत चढतो, म्हणून चार-पाच हजारांचं किरकोळ काम असेल तर क्लेम टाकायच्या आधी बोनस किती जाईल ते मोजा.

गाडी ठोकलीच तर

ड्रायव्हरला हे आधीच सांगून ठेवा, फोनवर ओरडत सांगायची वेळ येऊ देऊ नका. माणसाला लागलं असेल तर आधी दवाखाना. मग गाडी न हलवता चारही बाजूने फोटो, नंबर दिसेल असे, रस्ता आणि आजूबाजूचा दगड-खांब पण येऊ द्या. पोलीस ठाण्यात नोंद. कंपनीच्या नंबरवर त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. मोठं नुकसान असेल तर जागेवरचा सर्व्हे मागा, तो होईपर्यंत गाडी उचलू नका, आणि फायनल सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय एक नटही खोलू देऊ नका. बदललेले जुने पार्ट फेकायचे नाहीत. चोरी असेल तर लगेच एफआयआर आणि दोन्ही किल्ल्या, किल्ली गाडीतच होती असं निघालं तर क्लेम अवघड. ड्रायव्हर प्यायलेला निघाला तर ओन डॅमेज विसरा.

क्लेम नाकारला तर नाकारल्याचं कारण लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करा, पोच घेऊन. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटत नाही तर आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, १५५२५५ वर फोनही करता येतो. त्याच्यापुढे विमा लोकपाल, एकट्या मालकाच्या धंद्यालाही तिथं जाता येतं, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात, कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं, फी नाही आणि वकील लावायचा नसतो. ते नको असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, फक्त दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार टाकू नका, लोकपाल तुमची फाइल तिथंच बंद करतो.